कोड चालवण्याआधीचा प्रश्न : ‘आता काय होईल?’

चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. मधल्या एखाद्या घरात पेन्सिलचं टोक ठेवा, आपलं तोंड पानाच्या वरच्या बाजूला आहे असं समजा आणि या सूचना पाळा : तीन घरं पुढे जा, उजवीकडे वळा, दोन घरं पुढे जा, उजवीकडे वळा, तीन घरं पुढे जा. कुठे पोचलात?

निघालात त्याच ओळीत, उजवीकडच्या दुसऱ्या घरात. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं. आता आणखी एक सूचना : डावीकडे वळा. तोंड कुठे झालं? इथे मुलं अडखळतात आणि मोठी माणसं हळूच वही फिरवून बघतात. जागा सगळ्यांनी लक्षात ठेवलेली असते. तोंड खाली आहे, हे मात्र निसटलेलं असतं. खाली तोंड असताना डावीकडे वळलं की पानावर आपण उजवीकडे बघू लागतो.

या खेळात संगणक नाही, पण प्रोग्रॅमिंगमधली खरी मेहनत इथे आहे. एकेक सूचना क्रमाने पाळायची, प्रत्येक सूचनेनंतर काय बदललं ते ध्यानात ठेवायचं आणि पुढची सूचना त्या बदललेल्या परिस्थितीला लावायची. प्रोग्रॅम म्हणजे अशाच सूचनांची यादी. त्यात आणखी दोन गोष्टी येतात. एक, तीच सूचना पुन्हापुन्हा लिहायची नसेल तर ‘हे चार वेळा कर’ असं सांगता येतं. त्याला लूप म्हणतात. दुसरी, ‘समोर भिंत असेल तर वळ, नाहीतर पुढे जा’ अशी अट घालता येते. क्रम, पुनरावृत्ती आणि अट. प्राथमिकच्या मुलांना पहिली काही वर्षं एवढं पुरतं.

वर्गात बहुधा सुरुवात उलटी होते. मुलांना थेट संगणकासमोर बसवतात, फळ्यावरचे ब्लॉक, म्हणजे सूचनांचे तयार ठोकळे, जसेच्या तसे जोडायला सांगतात, पडद्यावर मांजर चालतं, मुलं खूश, शिक्षक खूश. पण त्या मांजराने नेमकं तेवढंच अंतर का कापलं, हे एकालाही सांगता येत नाही. माझ्या मते प्राथमिक वर्गातल्या प्रोग्रॅमिंगचं मोजमाप मुलांनी काय बनवलं यापेक्षा एका प्रश्नावर करावं : चालवण्याआधी मुलाला पुढे काय होईल ते सांगता येतं का?

हा माझा एकट्याचा हट्ट नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014 पासून ‘कम्प्युटिंग’ हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून सक्तीचा झाला. पाच ते सात वयोगटाच्या त्या अभ्यासक्रमात छोटे प्रोग्रॅम बनवणं आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणं आहेच. त्याच्या जोडीला साधा प्रोग्रॅम कसा वागेल याचा तर्काने अंदाज बांधणं, हेही स्वतंत्रपणे नोंदवलं आहे.

कासवाच्या जागी उभं राहून

लहान मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवण्याचा विचार नवा नाही. 1967 मध्ये अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. त्या काळी संगणक खोलीभर असायचे आणि ते मुलांच्या हाती द्यायचे, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटत होती. पॅपर्ट मूळचे गणिती. त्याआधी काही वर्षं ते जिनिव्हात झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांसोबत काम करत होते. मूल स्वतः काहीतरी घडवताना ज्ञानही घडवत जातं, हा विचार त्यांनी तिथून आणला आणि पुढे वाढवला.

लोगोमधलं कासव आजही माहीत असतं. आधी ते जमिनीवर फिरणारं, पेन लावलेलं यंत्र होतं. नंतर ते पडद्यावर आलं. त्याला दोनच गोष्टी नीट कळतात : पुढे इतकं जा आणि इतक्या अंशांत वळ. चौरस काढायचा तर ‘शंभर पुढे, नव्वद अंशांत उजवीकडे’ हे चार वेळा. मुलं हे पटकन करतात. खरी गंमत त्रिकोणात आहे.

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे भूमितीत शिकलेलं मूल आत्मविश्वासाने लिहितं : ‘शंभर पुढे, साठ अंशांत उजवीकडे, तीन वेळा’. पडद्यावर त्रिकोण येत नाही, मोठ्या वाडग्यासारखी उघडी आकृती येते. त्या षट्कोनाच्या सहापैकी तीन बाजू असतात. मूल आकड्याकडे बघतं, आकृतीकडे बघतं. आकडा तर पुस्तकातलाच आहे! इथे शिक्षकाने उत्तर सांगितलं की सगळ्यावर पाणी पडलं. त्याऐवजी मुलाला उठवून जमिनीवर चालायला लावावं. एका बाजूवरून सरळ चालत ये, टोकाला थांब, आता दुसरी बाजू धरायला किती वळावं लागतंय? चालता चालता लक्षात येतं की आपण वळतो ते त्रिकोणाच्या आतल्या कोनाएवढं नव्हे. सरळ जात राहिलो असतो त्या दिशेपासून वळतो. तो कोन 120 अंशांचा. आणि तीनही कोपऱ्यांवर वळून झालं की आपलं तोंड पुन्हा निघालेल्या दिशेला येतं, म्हणजे एकूण 360 अंश. मग पंचकोनासाठी 72 आणि षट्कोनासाठी 60, हे मुलं स्वतःच काढतात. कुणीतरी 36 बाजूंना दहा-दहा अंश देऊन बघतं आणि वर्गात आरडाओरडा होतो, कारण पडद्यावर चक्क वर्तुळ दिसायला लागतं.

तो चुकलेला त्रिकोण मला धड्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मुलाने अंदाज बांधला होता, यंत्राने तो खोटा ठरवला, आणि अंदाज का चुकला ते शोधायला मुलाचं स्वतःचं शरीर उपयोगी पडलं. फळ्यावरचे ब्लॉक उतरवून घेताना यातलं काहीच घडत नाही.

‘त्याला कळायला हवं होतं’

मुलं प्रोग्रॅमिंगमध्ये ज्या चुका करतात त्यातल्या बऱ्याच एका समजुतीतून येतात. रॉय पी या अमेरिकी संशोधकाने 1986 मध्ये ती नेमकी पकडली. संगणकाच्या आत कुठेतरी एक शहाणं मन बसलेलं आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला समजतं, असं नवशिके नकळत धरून चालतात.

हे स्वाभाविक आहे. मुलाने आजवर ज्यांना ज्यांना सूचना दिल्या ती सगळी माणसं होती. ‘ते तिकडचं दे ना’ एवढ्यावर समोरचा माणूस योग्य वस्तू उचलून देतो. आपलं बोलणं अर्धंमुर्धं असतं आणि ऐकणारा उरलेलं भरून काढतो. संगणक काहीच भरून काढत नाही. आवाजाने हुकूम ऐकणारे आणि गप्पा मारणारे प्रोग्रॅम आता मुलांच्या आसपास आहेत, त्यामुळे ही समजूत आणखी पक्की होत असणार असा माझा कयास आहे.

तो भ्रम तोडायला एक जुना खेळ चांगला आहे. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे साधी आकृती, समजा एक घर : चौरस, वर त्रिकोण, मधे दार. दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. प्रश्न विचारायला बंदी. ‘वर एक त्रिकोण काढ’ म्हटल्यावर तो त्रिकोण कागदाच्या थेट वरच्या कडेला जातो आणि चौरस राहतो खाली. मग भांडण ठरलेलं : ‘मी तसं म्हटलं नव्हतं!’ शिक्षकाने शांतपणे विचारावं, ‘मग तू काय म्हटलं होतंस? शब्दन् शब्द सांग.’

असे संगणकाविना खेळ न्यूझीलंडमधले टिम बेल यांनी माइक फेलोज आणि इयन विटेन यांच्यासोबत 1990 च्या दशकात पद्धतशीर जमवले आणि ते जगभर पसरले. त्यातला पत्त्यांचा खेळ तर अगदी नावाजलेला. पाच पत्ते, त्यांवर 1, 2, 4, 8 आणि 16 ठिपके. काही उघडे, काही पालथे ठेवून शून्यापासून 31 पर्यंत कोणतीही संख्या दाखवायची. द्विमान पद्धत (फक्त 0 आणि 1 वापरून संख्या लिहिण्याची रीत) हा शब्दही न उच्चारता मुलं ती वापरायला लागतात.

पण फक्त कागदी खेळांवर वर्ष काढावं, याच्याशी मी सहमत नाही. कागदावर चूक पकडणारा माणूसच असतो आणि माणूस दयाळू असतो. मित्राने ‘उजवीकडे’ म्हणताना डावीकडे बोट दाखवलं तर आपण बोटाचं ऐकतो. यंत्र ऐकणार नाही, आणि ते ऐकत नाही हाच धडा आहे. म्हणून खेळ झाल्यावर त्याच तासाला, निदान त्याच आठवड्यात, तीच गोष्ट यंत्रावर करून बघावी.

पडद्यावर आल्यावर

लहान मुलांना टाइप करायला लावण्यात अर्थ नाही. एक कंस किंवा स्वल्पविराम राहिला की प्रोग्रॅम अडतो आणि मुलाचा सगळा तास अक्षरं शोधण्यात जातो. ब्लॉकच्या भाषांनी ही अडचण काढून टाकली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने बनवलेली ‘स्क्रॅच’ 2007 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सूचना रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात. अटीसाठी षट्कोनी खाच असते आणि तिच्यात षट्कोनी ठोकळाच बसतो. व्याकरणाची चूक करायची सोयच नाही. उरतात त्या विचारातल्या चुका, आणि आपल्याला त्याच हव्या आहेत. पाच ते सात वर्षांच्या, अजून नीट वाचता न येणाऱ्या मुलांसाठी 2014 मध्ये ‘स्क्रॅच ज्युनियर’ आलं. तिथे ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं आहेत.

स्क्रॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. ‘10 पावलं चाल’ हा ठोकळा एकाखाली एक दहा वेळा जोडा. दुसरीकडे तोच ठोकळा ‘10 वेळा कर’ या लूपमध्ये ठेवा. चालवण्याआधी मुलांना विचारा : दोन्हींत फरक दिसेल का? बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणतात, आणि मांजर शेवटी पोचतं त्या जागेपुरतं ते बरोबरही आहे. पण चालवलं की पहिल्यात मांजर एकदम उडी मारल्यासारखं पलीकडे दिसतं आणि दुसऱ्यात सरकत जाताना दिसतं. लूपचा एक फेरा झाला की स्क्रॅच चित्र नव्याने रंगवतं. नुसत्या एकाखाली एक लावलेल्या ठोकळ्यांमध्ये ते थांबत नाही. दहा वर्षांच्या मुलाला एवढं स्पष्टीकरण झेपतं. आणि दोन्हींचा निकाल एक असूनही दिसणं वेगळं असू शकतं, हे मुलांच्या चांगलंच लक्षात राहतं.

दुसरी हमखास येणारी तक्रार : ‘काल चालत होतं, आज बिघडलं.’ काल मांजर मधे होतं, प्रोग्रॅम चालला आणि ते उजव्या कडेला गेलं. आज प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर ते त्या कडेपासूनच निघणार. स्क्रॅचचा रंगमंच 480 बाय 360 चा असतो आणि त्याचा मध्य शून्य-शून्य. सुरुवातीलाच ‘मध्यावर जा’ असा ठोकळा लावला की प्रश्न मिटतो. प्रत्येक वेळी सुरुवात कुठून होते, हे प्रोग्रॅमने स्वतः ठरवायचं असतं. कालचं शिल्लक काय आहे त्यावर विसंबायचं नसतं. याच रंगमंचावर मध्याच्या डावीकडे गेलं की ऋण संख्या येतात. गणिताच्या पुस्तकात त्या आल्या नसल्या तरी मुलं त्या बिनतक्रार वापरतात.

या सगळ्याला एक सुटसुटीत क्रम देता येतो. ब्रिटनमधल्या सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : तयार प्रोग्रॅम बघून अंदाज बांधा, तो चालवा, आतून तपासा, थोडा बदला आणि शेवटी स्वतःचा बनवा. लिहिण्याआधी वाचणं. भाषा शिकवताना आपण हे गृहीतच धरतो, प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र पहिल्या दिवशी ‘तुमचा गेम बनवा’ म्हणतो आणि निम्मा वर्ग हात चोळत बसतो. अंदाज वहीत लिहून घ्यावा. तोंडी सांगितलेला अंदाज निकाल दिसताच मुलं बदलतात, अगदी निरागसपणे!

बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, शोधायला शिकवावं लागतं

प्रोग्रॅमिंगने मुलांची तर्कशक्ती वाढते, असं जाहिरातींत सर्रास म्हटलं जातं. संशोधनाचं उत्तर इतकं सरळ नाही. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी 1984 मध्ये लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातल्या कामांचं नियोजन करायला दिलं. वर्षभर लोगो करूनही ती इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यांना बहुतांशी मोकळं सोडलं होतं : करा, शोधा, शिका.

चारच वर्षांनी, 1988 मध्ये, डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वेगळं करून पाहिलं. त्यांनी लोगोसोबत चूक शोधण्याची रीतही मुलांना पायरीपायरीने, स्पष्ट शिकवली. ती मुलं पुढे संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही अधिक नेमक्या शोधू लागली. या दोन अभ्यासांमधून मी एवढंच घेतो की कौशल्य आपोआप झिरपत नाही. जे हवं ते नाव घेऊन शिकवावं लागतं.

चूक शोधण्याची रीत दहा वर्षांच्या मुलाला अशी सांगता येते. काय व्हायला हवं होतं? काय झालं? दोन्हींत पहिला फरक कुठे पडला? तो फरक कोणत्या ठोकळ्यामुळे पडला असेल? मग एकच गोष्ट बदल आणि पुन्हा चालव. यातली ‘एकच’ ही अट मुलांना सर्वांत जड जाते. वैतागलं की ती चार ठोकळे एकदम हलवतात. प्रोग्रॅम सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर विचारूच नका.

शिक्षकासाठीही एक अट आहे आणि ती पाळणं महाकठीण : मुलाचा माउस हातात घ्यायचा नाही. तीस जण एकदम हाका मारत असताना पटकन ठोकळा सरकवून पुढे जावंसं वाटतं. पण तो बग मग शिक्षकाने सोडवलेला असतो. हात मागे बांधून ‘तुला काय वाटलं होतं?’ एवढं विचारलं, तर निम्मी मुलं उत्तर देता देताच चूक पकडतात. ज्या शिक्षकांना स्वतःला प्रोग्रॅमिंग फारसं येत नाही त्यांना हे जरा सोपं जातं. उत्तर माहीत नसल्याने ते खरोखरच मुलासोबत शोधतात.

मुलांना जोडीने बसवावं. एकाच्या हाती माउस, दुसऱ्याने वाचून सांगायचं आणि चुका टिपायच्या. सात-आठ मिनिटांनी अदलाबदल. घड्याळ लावूनच अदलाबदल करावी. नाहीतर घरी संगणक असलेलं किंवा आवाज मोठा असलेलं मूल माउस सोडतच नाही आणि दुसरं तासभर प्रेक्षक बनतं.

जिथे थांबावं

काही गोष्टींची घाई करू नये. व्हेरिएबल ही त्यातली एक. ते म्हणजे एक नाव दिलेली जागा, जिच्यात एका वेळी एकच किंमत राहते. मुलांना ते डबा म्हणून समजावण्याची पद्धत आहे, पण डब्यात दोन वस्तू मावतात, म्हणून व्हेरिएबलमध्येही जुनी किंमत नव्यासोबत राहते असं मुलांना वाटतं. शिवाय, ‘ब’मध्ये ‘अ’ची किंमत ठेवली आणि नंतर ‘अ’ बदलला तर ‘ब’ही बदलेल असं अनेकांना वाटतं. तो बदलत नाही. त्या क्षणीची किंमत तेवढी उचललेली असते. खेळातल्या गुणांपासून सुरुवात केली तर बरं : सुरुवातीला गुण शून्य कर, चेंडू लागला की एकने वाढव. एकाच व्हेरिएबलवर दोन-तीन आठवडे काढले तरी चालेल.

अर्धगोल रोबो, सेन्सर, दिवे लागणारी छोटी सर्किट बोर्डं यांबद्दल थोडक्यात : असतील तर छान, नसतील तर काही अडत नाही. बीबीसीचा मायक्रोबिट हा छोटा संगणक 2016 मध्ये ब्रिटनमध्ये वाटला गेला तोसुद्धा अकरा-बारा वर्षांच्या मुलांना, म्हणजे प्राथमिक ओलांडलेल्यांना.

राहता राहिली परीक्षा. पूर्ण झालेला गेम बघून गुण देऊ नयेत. चकचकीत गेम बऱ्याचदा दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची नक्कल असतो. नक्कल वाईट नाही, स्क्रॅचमध्ये दुसऱ्याचं काम घेऊन बदलायची सोय मुद्दामच आहे. मुलाच्या शेजारी दोन मिनिटं बसावं, त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका ठोकळ्यावर बोट ठेवावं आणि विचारावं : हा काढला तर काय होईल? हा आकडा दुप्पट केला तर? मूल जे सांगेल ते त्याच्याच वहीत त्याच्याकडून लिहून घ्यावं, मग ठोकळा काढून चालवावं. उत्तर चुकलं आणि मुलाला ते का चुकलं हे सांगता आलं, तर माझ्याकडून पूर्ण गुण. तीस मुलांच्या वर्गात रोज तिघांना विचारलं तरी दहा शाळेच्या दिवसांत सगळे होतात.